बालवयातील अवधानविकार आणि बाह्य मेंदू-उत्तेजन : एक ऐतिहासिक आढावा

अवधान-अभाव व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, या विकाराचा वैद्यकीय इतिहास सामान्यतः १९०२ पासून सांगितला जातो. त्या वर्षी लंडन येथील व्याख्यानांत जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी शाबूत असूनही स्वतःवर ताबा नसलेल्या मुलांचे वर्णन केले. मात्र हा दोष त्यांनी नैतिक नियंत्रणाचा मानला. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना बेंझेड्रिनमुळे वर्तनसमस्या असलेल्या अनेक मुलांचा अभ्यास सुधारल्याचे आढळले आणि औषधोपचाराचा पाया घातला गेला.

औषधांनी भूक मंदावते, झोप कमी होते. म्हणून पर्यायांचा शोध सुरू राहिला. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी कवटी न उघडता चुंबकीय स्पंदांनी मेंदू उत्तेजित करून दाखविला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, औषध न घेणाऱ्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, झोपेत कपाळावरून ट्रायजेमिनल मज्जातंतूला सौम्य विद्युत्-उत्तेजन देणाऱ्या यंत्राच्या विक्रीस परवानगी दिली. तिचा आधार होता ६२ मुलांवरील चार आठवड्यांची चाचणी.

त्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या, १५० मुले व किशोरांवरील चाचणीत मात्र खऱ्या व लटक्या उत्तेजनाच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. मुलाची लक्षणे बहुधा पालकच सांगतात. त्यामुळे त्यांची आशाही मोजमापात उतरते. म्हणूनच लटक्या उत्तेजनाशी काटेकोर तुलना केल्याविना कोणत्याही यंत्रास उपचार म्हणणे, हा त्या आशेवरच अन्याय ठरेल.