चौथा पट : नाशिकचा विदित, दुबईचा ड्राफ्ट आणि खेळाडू पारखण्याची शंभर वर्षे

२१ सप्टेंबर २०२४, बुडापेस्ट. बुद्धिबळ ऑलिम्पियाडची दहावी फेरी, समोर अमेरिकेचा संघ. भारताच्या चौथ्या, म्हणजे अखेरच्या पटावर नाशिकचा विदित गुजराथी बसला होता. त्याच्यासमोर लेव्हॉन अरोनियन होता.

पंधरा महिन्यांपूर्वी दुबईच्या लीगमध्ये हाच अरोनियन आपल्या संघाचा ‘आयकॉन’ होता, पहिल्या पटाचा मानकरी. विदितने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली होती आणि एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत हिकारू नाकामुराला दोनदा हरवले होते. एवढ्या योग्यतेची ही दोन माणसे संघाच्या शेवटच्या खुर्चीवर का बसली, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधताना खेळाडूची किंमत ठरवण्याचा जवळपास शंभर वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

आरंभ बुद्धिबळाबाहेरून करावा लागतो. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात अमेरिकन फुटबॉल लीगच्या नऊ संघांचे प्रतिनिधी जमले. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू श्रीमंत संघच पळवून नेतात, अशी तक्रार होती. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी सुचवलेला तोडगा सरळ होता : संघांनी आळीपाळीने एकेक नाव उचलायचे आणि गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याने पहिला हात घालायचा. हाच पहिला ‘ड्राफ्ट’. फळ्यावर नव्वद नावे लिहिलेली होती आणि नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत त्यांतली एक्याऐंशी उचलली. खेळाडू शोधत गावोगाव फिरणारे पारखी तेव्हा संघांकडे नव्हते. वर्तमानपत्रांतील वर्णने, ओळखीच्या प्रशिक्षकांची शिफारस आणि ऐकीव कीर्ती एवढ्यावर सारा कारभार चालला.

इतिहासातील त्या पहिल्या निवडीचे नाव जे बर्वांगर. हाफबॅक या जागेवरचा हा खेळाडू त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला होता. तो व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. मागितलेले मानधन जुळले नाही आणि त्याने दुसरा व्यवसाय पत्करला. ड्राफ्टच्या इतिहासाचे पहिले पान असे फसलेल्या अंदाजाने सुरू होते, आणि फुटबॉलचे चाहते ते आजही मोठ्या आवडीने सांगतात.

या अंदाजाला आकड्याचे रूप देण्याचे काम बुद्धिबळाने केले. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी खेळाडूच्या ताकदीचे गणित मांडले. जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, ते १९७० मध्ये स्वीकारले. गणिताचा गाभा असा : दोन खेळाडूंच्या गुणांकनात शंभर गुणांचे अंतर असेल, तर वरच्याने शंभर डावांतून सुमारे चौसष्ट गुण मिळवावेत, अंतर दोनशेचे असेल तर सुमारे शहात्तर. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले की गुणांकन चढते, कमी मिळाले की उतरते.

या गणिताची एक मर्यादा पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावी लागेल. एलो गुणांकन खेळाडू काल काय होता ते सांगते. प्रौढ ग्रँडमास्टरच्या बाबतीत काल आणि आज यांत फारसा फरक नसतो. पंधरा-सोळा वर्षांचे पोर मात्र महिन्याभरात बदलते आणि आकडा त्याच्या मागे धापा टाकत येतो. महासंघालाही हे ठाऊक आहे. म्हणून अठरा वर्षांखालील आणि २३०० गुणांखालील खेळाडूच्या गुणांकनातील चढउतार ४० या गुणकाने मोजला जातो, तर २४०० गुण एकदा गाठलेल्याचा केवळ १० ने. तरीही २४०० ओलांडलेला किशोर वयाने कोवळा असूनही प्रौढांच्याच मंद मापात अडकतो.

उगवत्या खेळाडूच्या ‘उद्या’ला स्वतंत्र आकडा देण्याचे धाडस मात्र संगणकीय खेळांनी केले. १९९२ मध्ये इंग्लंडमधील पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावंडांनी ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हा खेळ आणला. त्याच परंपरेतील ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये प्रत्येक खेळाडूला दोन गुप्त आकडे असतात, दोन्ही २०० पैकी : सध्याची क्षमता आणि संभाव्य क्षमता. त्याशिवाय तो कोणत्या जागेवर कितपत चालेल, याची वेगळी नोंद. या खेळाच्या चाहत्यांच्या एका पिढीचा लाडका होता फ्रेडी अडू. जानेवारी २००४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या सॉकर लीगच्या ड्राफ्टमधील पहिली निवड ठरला होता. पडद्यावर त्याने असंख्य संघांना करंडक मिळवून दिले. मैदानावर ते घडले नाही.

विदितचा आलेख याच्या उलट दिशेचा आहे. जन्म २४ ऑक्टोबर १९९४, शाळा नाशिकची फ्रावशी अकादमी. २००८ मध्ये व्हिएतनाममधील वुंग ताऊ येथे तो चौदा वर्षांखालील गटाचा विश्वविजेता झाला. येथपर्यंत सारे विलक्षण. ग्रँडमास्टर हा किताब मात्र त्याला मिळाला २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. बाराव्या वर्षीच ग्रँडमास्टर होणाऱ्या गुकेश आणि सिंदारोव यांच्या काळात हा आकडा एखाद्या निवडकर्त्याने नाक मुरडून बाजूला सारला असता. पण विदित सावकाश चढत राहिला. २७०० गुणांची पायरी ओलांडणारा तो चौथा भारतीय. त्याच्याआधी आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्ण. ग्रँड स्विस जिंकला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, आणि त्या स्पर्धेची पहिलीच फेरी तो हरला होता.

आता जागांकडे वळू. बुद्धिबळात गोलरक्षक नाही, आघाडीवीर नाही. चौसष्ट घरे सर्वांना सारखीच. तरीही संघ म्हटला की जागा निर्माण होतात, आणि त्या निर्माण करतो नियम. १९२७ मध्ये लंडनला झालेल्या पहिल्या ऑलिम्पियाडमध्ये सोळा देश उतरले होते आणि प्रत्येक लढत चार पटांवर होती. आजच्या नियमानुसार पटांचा क्रम स्पर्धेआधी एकदाच द्यावा लागतो, मध्येच बदलता येत नाही. कोणी विश्रांती घेतली तर खालचे वर सरकतात आणि राखीव खेळाडू शेवटी बसतो. कोणाला कुठे बसवायचे, हा कर्णधाराचा सर्वांत मोठा डाव पहिली चाल होण्यापूर्वीच खेळून झालेला असतो.

२०२० मध्ये करोनाच्या काळात ऑलिम्पियाड ऑनलाइन झाले आणि नियमाने जागा आणखी घट्ट केल्या. सहा पट : दोन पुरुष, दोन महिला, एक कुमार, एक कुमारी. भारताचा कर्णधार होता विदित. ज्या संघात आनंद आहे त्याचे कर्णधारपद पंचविशीतल्या नाशिककराकडे असणे, ही त्या वर्षाची एक गोड नोंद. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम लढत झाली. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेट कोलमडले, निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि घड्याळ संपल्याने ते हरले. हे दोघे बसले होते कुमार आणि कुमारी या जागांवर. भारताने दाद मागितली आणि महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक जाहीर केले. नागपूरची दिव्या त्या वेळी चौदा वर्षांची होती. २०२५ च्या जुलैमध्ये तिने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर २०२० च्या त्याच संघातील कोनेरू हम्पी होती.

जून २०२३ मध्ये दुबईला ‘ग्लोबल चेस लीग’ सुरू झाली आणि बुद्धिबळात खराखुरा ड्राफ्ट आला. सहा संघ, प्रत्येकात सहा जागा : एक आयकॉन, दोन ‘सुपरस्टार’ पुरुष, दोन ‘सुपरस्टार’ महिला आणि एक ‘प्रॉडिजी’, म्हणजे एकवीस वर्षांखालील गुणी खेळाडू. नियम चमत्कारिक होते. संपूर्ण संघाने एकाच रंगाची मोहरी घ्यायची. पांढऱ्याने जिंकल्यास तीन गुण, काळ्याने जिंकल्यास चार, बरोबरीला एक.

अशा ड्राफ्टमध्ये नवखा निवडकर्ता मोठ्या नावामागे धावतो. मुरलेला माणूस वेगळा हिशेब करतो : या जागेवर मला मिळणारा खेळाडू आणि याच जागेवर इतरांना मिळणारा खेळाडू, यांत अंतर किती? पहिल्या पटावर सहाही संघांकडे दिग्गज असणार, तिथे फरक थोडा. जिथे चांगली माणसे थोडी, तिथे फरक मोठा. उंटाची किंमत तीन प्याद्यांएवढी असे पुस्तक सांगते, पण पट बंदिस्त झाला की घोडा त्याला भारी पडतो. तसेच हे.

एसजी अल्पाइन वॉरियर्स हा संघ कागदावर पाहावा : मॅग्नस कार्लसन आयकॉन, गुकेश आणि अर्जुन एरिगैसी सुपरस्टार, प्रज्ञानंद प्रॉडिजी. आज ही चार नावे एकत्र वाचताना हसू येते, इतका तो संघ अवाढव्य वाटतो. तो अंतिम फेरीत पोहोचला नाही. विदित होता अपग्रॅड मुंबा मास्टर्समध्ये. आयकॉन मॅक्सिम व्हॅशिए-लाग्राव्ह, दुसरा सुपरस्टार अलेक्झांडर ग्रिशुक, प्रॉडिजी उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव आणि महिलांच्या दोन्ही पटांवर हम्पी व हरिका. अल्पाइनच्या एलिझाबेथ पेट्झ आणि आयरिना क्रश गुणांकनात या दोघींच्या मागे होत्या. एका लीगचा निकाल एवढ्या एकाच कारणाने लागत नाही हे खरे, पण सहाही जागांवर वजन सारखे वाटून घेतलेला मुंबईचा संघ अंतिम फेरीत होता आणि कार्लसनचा नव्हता.

२ जुलैच्या अंतिम लढतीत समोर अरोनियनचा त्रिवेणी कॉन्टिनेंटल किंग्ज. दोन्ही संघांनी एकेक सामना जिंकला, जलद डावांतही कोंडी फुटली नाही. शेवटी एकेका पटाच्या निर्णायक डावांवर आले, आणि तिथे त्रिवेणीचा प्रॉडिजी, डेन्मार्कचा एकोणीस वर्षांचा योनास ब्येर्रे, सतरा वर्षांच्या सिंदारोवला हरवून गेला. आयकॉन बाजूला उभे राहून पाहत होते. विदितच्या हातून विजेतेपद निसटले, ते अशा पटावर जिथे तो स्वतः बसूच शकत नव्हता.

या पार्श्वभूमीवर बुडापेस्टचा क्रम वाचावा. कर्णधार श्रीनाथ नारायणन यांनी दिलेला क्रम असा : गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन, विदित, राखीव हरिकृष्ण. चौघांत सर्वाधिक गुणांकन अर्जुनचे होते, तरी तो तिसऱ्या पटावर. बहुतेक देशांची ताकद वरच्या दोन पटांवर एकवटलेली असते आणि खाली ती झपाट्याने ओसरते. २७२० च्या आसपासचा विदित चौथ्या पटावर बसला की त्याच्यासमोर सहसा शंभर-सव्वाशे गुणांनी मागे असलेला खेळाडू येतो. एलोच्या कोष्टकात याचा अर्थ दर तीन डावांत सुमारे दोन गुण. अर्जुनने तिसऱ्या पटावर ११ पैकी १० गुण मिळवले, गुकेशने पहिल्यावर १० पैकी ९, विदितने चौथ्यावर १० पैकी साडेसात.

अमेरिकेचा चौथा पट हा या हिशेबाला अपवाद होता, कारण तिथे अरोनियन होता. त्या दिवशी दुसऱ्या पटावर प्रज्ञानंद वेस्ली सोकडून हरला. गुकेशने कारुआनाला आणि अर्जुनने दोमिन्गेझला हरवले. विदितने बरोबरी साधली नसती, तर ती लढत भारताची झाली नसती. ती अडीच-दीडने भारताची झाली. दुसऱ्या दिवशी स्लोव्हेनियाला साडेतीन-अर्ध्याने नमवून भारताने २२ पैकी २१ गुणांसह पहिले ऑलिम्पियाड सुवर्ण जिंकले.

दुबईतल्या लेबलांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. प्रॉडिजी प्रज्ञानंद दोनच महिन्यांनी बाकूच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर त्याच्याच संघाचा आयकॉन कार्लसन. सुपरस्टार गुकेश १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला विश्वविजेता झाला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात विश्वचषकाची अंतिम फेरी रंगली, तेव्हा पटाच्या एका बाजूला दुबईत त्रिवेणीचा सुपरस्टार असलेला वेई यी होता, दुसऱ्या बाजूला मुंबा मास्टर्सचा प्रॉडिजी सिंदारोव. टायब्रेकमध्ये सिंदारोव जिंकला. वय १९.