आर्मेनियन स्ट्रीटवरचं चर्च



आपण हैदराबादचे मराठी लोक "आमच्या इतक्या पिढ्या इथे" असं अभिमानानं सांगतो. आज अशाच परमुलखात रुजलेल्या एका समाजाविषयी लिहितोय, चेन्नईच्या आर्मेनियन लोकांविषयी.

त्यांच्यातल्या बहुतेकांचं मूळ गाव जुल्फा. 1604-05 च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासनं तिथल्या लोकांना उठवून इस्फहानला नेलं. तिथे नवं जुल्फा वसलं आणि या व्यापाऱ्यांच्या पेढ्या सुरत, आग्रा, कलकत्ता, मद्रासपर्यंत पोचल्या. मद्रासला 1712 मध्ये त्यांचं चर्च झालं. आजची वास्तू 1772 ची. ख्वाजा पेत्रुस उस्कान या व्यापाऱ्यानं 1726 मध्ये स्वतःच्या पैशानं अड्यार नदीवर पूल बांधला.

मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. चर्चचे पाद्री हारुत्यून श्मावोन्यान मूळचे शिराजचे. तिथे दोन मुलगे गमावल्यावर ते मद्रासला आले, छापखाना घातला आणि 1794 मध्ये 'अझदारार' सुरू केलं. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं ते आर्मेनियात नव्हे, मद्रासमध्ये! आपलं 'दर्पण' त्यानंतर 38 वर्षांनी आलं. 'अझदारार'चे अंक निघाले अवघे 18. पाद्रीबाबा 1824 मध्ये गेले. त्याच चर्चच्या आवारात त्यांना पुरलंय.

पुढे व्यापार कंपनी सरकारच्या हाती गेला, तरुण मंडळी दुसरीकडे पांगली. आज चर्च आहे, सहा मोठ्या घंटा आहेत, पण रविवारी जमणारी आर्मेनियन कुटुंबं नाहीत. देखभाल कोलकात्याहून होते. आर्मेनियन स्ट्रीटला तमिळमध्ये 'अरण्मनैक्कारन' रस्ता म्हणतात, म्हणजे राजवाडेवाल्यांचा. नावातूनसुद्धा माणसं पुसली गेली.

कोलकात्यातही आता थोडेच उरलेत. पण तिथे 1821 ची शाळा अजून चालते, इराण-आर्मेनियातून मुलं शिकायला येतात आणि 6 जानेवारीला नाताळ साजरा होतो. देऊळ दोन्हीकडे होतं; फरक पडला तो शाळेनं.

म्हणून सांगतो, आपल्या सुलतान बाजारच्या ग्रंथसंग्रहालयाच्या भिंती टिकतीलच. नातवंडांना आतलं पुस्तक वाचता येतं का, हे घरोघरी बघायला हवं. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? मोकळेपणानं लिहा.