अमेरिकेतील कुमारवयीन सॉकर : हायस्कूल संघ आणि स्पर्धात्मक क्लब – एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना

युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील बहुतेक देशांत कुमारवयीन फुटबॉलपटू घडविण्याची जबाबदारी प्रामुख्याने व्यावसायिक क्लबांकडे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ही जबाबदारी दोन भिन्न संस्थांमध्ये विभागली गेली आहे. एक म्हणजे नववी ते बारावीच्या, साधारणतः १४ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांचा हायस्कूल संघ. दुसरी म्हणजे शाळेबाहेरचा स्पर्धात्मक क्लब. ('फुटबॉल' हा शब्द त्या देशात वेगळ्याच खेळासाठी रूढ असल्याने येथे 'सॉकर' ही संज्ञा वापरली आहे.) या दोहोंची तुलना बहुधा खेळाच्या दर्जापुरतीच केली जाते व क्लबला झुकते माप दिले जाते. तथापि इतिहासाचा मागोवा घेतल्यास असे दिसते की, शाळा आणि क्लब या दीर्घकाळ परस्परपूरक संस्था होत्या. त्यांच्यातील स्पर्धा खेळाच्या स्वरूपातून नव्हे, तर आर्थिक रचनेतून आणि प्रशासकीय निर्णयांतून निर्माण झाली. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

१. सहअस्तित्वाचा कालखंड

१८६२ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या 'वनायडा' क्लबचा उल्लेख अमेरिकेतील पहिला संघटित फुटबॉल क्लब म्हणून केला जातो. हा क्लब नेमका कोणता खेळ खेळत असे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु त्याचे सभासद मुख्यत्वे शाळकरी मुलेच होती, ही बाब लक्षणीय आहे.

न्यू जर्सी राज्यातील कर्नी हे गाव याचे अधिक ठळक उदाहरण होय. स्कॉटलंडमधील पेझली येथील क्लार्क घराण्याच्या सूतगिरणीमुळे या परिसरात स्कॉटिश कामगार येऊन स्थायिक झाले. गिरणीच्या 'ओ.एन.टी.' संघाने १८८५, १८८६ आणि १८८७ अशी सलग तीन वर्षे अमेरिकन चषक जिंकला. पुढे शंभर वर्षांनी याच परिसरातील टोनी मिओला, जॉन हार्क्स आणि टॅब रामोस हे तिघे १९९० च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळले. चाळीस वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेचा संघ या स्पर्धेस पात्र ठरला होता. मिओला आणि हार्क्स कर्नी हायस्कूलचे, तर रामोस नेवार्क येथील सेंट बेनेडिक्ट्स शाळेचे विद्यार्थी. हे तिघेही कर्नीच्या 'थिसल' या स्थानिक क्लबमध्येही खेळले होते. शाळा की क्लब, असा पर्याय त्यांच्यापुढे नव्हता. एकाच वस्तीने उभ्या केलेल्या त्या दोन संस्था होत्या.

२. विस्तार आणि त्याची कारणे

१९६० नंतर हे चित्र बदलू लागले. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे 'अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन' स्थापन झाली. प्रत्येक मुलाला खेळण्याची संधी मिळावी, हे तिचे मूलतत्त्व होते. १९७४ मध्ये राष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली युवक सॉकरची स्वतंत्र संघटना अस्तित्वात आली. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉस संघात दाखल झाल्याने खेळाला अभूतपूर्व प्रसिद्धी मिळाली. उपनगरांतील मध्यमवर्गीय पालक या खेळाकडे वळले आणि पूर्वी स्थलांतरित कामगारांचा समजला जाणारा खेळ हळूहळू सुस्थित कुटुंबांचा होऊ लागला.

शाळेच्या क्षेत्रात याहून मूलगामी बदल कायद्याने घडवला. १९७२ च्या 'टायटल नाइन' या तरतुदीने केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई केली. हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या नोंदींनुसार १९७१-७२ मध्ये देशभरात अवघ्या ७०० मुली शालेय सॉकर खेळत होत्या. २०१८-१९ मध्ये ही संख्या ३ लाख ९४ हजारांवर गेली. त्याच वर्षी मुलांची संख्या सुमारे ४ लाख ५९ हजार होती. मुलींना मैदानावर आणण्याचे हे कार्य मुख्यतः शाळेच्या माध्यमातून झाले, हे विसरता येत नाही.

३. दोन्ही व्यवस्थांचे स्वरूप

हायस्कूलचा हंगाम सुमारे तीन महिन्यांचा असतो. बहुतेक राज्यांत तो शरद ऋतूत, तर कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात येतो. सामना ८० मिनिटांचा असतो व बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकतो. संघात चौदा व अठरा वर्षांची मुले एकत्र खेळतात. प्रशिक्षक पुष्कळदा त्याच शाळेतील शिक्षक असतो. खेळण्यासाठी ठराविक विषयांत उत्तीर्ण असणे आवश्यक असते. प्रेक्षकांत वर्गमित्र, शेजारी आणि गावकरी असतात.

क्लबमध्ये वर्षातील बहुतांश काळ सराव चालतो. वयोगट काटेकोर असतात, प्रशिक्षक परवानाधारक असतात आणि सामन्यांसाठी अन्य शहरांत, प्रसंगी अन्य राज्यांत प्रवास करावा लागतो. विद्यापीठांचे निवडकर्ते क्लबांच्या मोठ्या स्पर्धांना हजेरी लावतात, कारण तेथे एकाच ठिकाणी शेकडो निवडक खेळाडू पाहावयास मिळतात. शिष्यवृत्तीची आकांक्षा बाळगणारे पालक म्हणूनच क्लबकडे वळतात.

तांत्रिकदृष्ट्या क्लबची बाजू सबळ आहे, हे मान्य करावयास हवे. अल्प हंगामात आठवड्याला दोन-दोन सामने खेळणाऱ्या शालेय संघाला सरावासाठी पुरेसा अवधी मिळत नाही. अमर्याद बदली खेळाडूंमुळे खेळ वेगवान होतो, पण संयमी राहत नाही, हा आक्षेपही निराधार नाही.

४. खर्चाचा भार कोणावर?

परंतु दर्जाच्या या प्रश्नामागे खर्चाचा प्रश्न दडलेला आहे. सार्वजनिक शाळेचा संघ प्रामुख्याने करदात्यांच्या पैशावर चालतो. काही शाळा अलीकडे खेळासाठी शुल्क आकारतात. तरीही क्लबच्या तुलनेत ते अल्प असते. अनेक स्पर्धात्मक क्लबांत मात्र शुल्क, गणवेश आणि प्रवास यांवर पालकांना वर्षाकाठी हजारो डॉलर खर्च करावे लागतात.

यालाही एक ऐतिहासिक कारण आहे. खेळाडू पुढे व्यावसायिक झाल्यास त्याला घडविणाऱ्या क्लबला मोबदल्याचा वाटा मिळावा, अशी तरतूद 'फिफा'ने २००१ मध्ये केली. अमेरिकेत ती दीर्घकाळ अमलात आणली गेली नाही. तेथील 'मेजर लीग सॉकर'ने असा मोबदला मागण्याचे धोरण २०१९ मध्ये जाहीर केले. ज्या क्लबला खेळाडूच्या भावी यशातून काहीच मिळत नाही, तो आपला खर्च आजच्या पालकांकडूनच वसूल करणार, हे उघड आहे.

५. २०१२ चा निर्णय आणि त्याचे परिणाम

राष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये मुलांसाठी 'डेव्हलपमेंट अकादमी' ही निवडक क्लबांची व्यवस्था सुरू केली. २०१२ मध्ये तिचा हंगाम दहा महिन्यांचा करण्यात आला आणि काही अपवाद वगळता अकादमीतील मुलांना शाळेच्या संघातून खेळण्यास मनाई झाली. कर्नीच्या मुलांपुढे जो पर्याय कधी उभा राहिला नव्हता, तो आता नियमानेच उभा केला. खेळाडूला अधिक सराव व कमी पण दर्जेदार सामने मिळावेत, हा हेतू रास्त होता; मात्र त्याची किंमत शालेय जीवनातून वसूल करण्यात आली.

२०१७ मध्ये मुलींसाठीही अशीच अकादमी सुरू झाली. मात्र २००९ पासून कार्यरत असलेल्या 'ईसीएनएल' या स्पर्धेने मुलींना शाळेकडून खेळण्याची मुभा कायम ठेवली होती. उच्च दर्जा आणि शालेय संघ एकत्र नांदू शकतात, हे यावरून दिसून येते. अखेर कोविड महामारीतील आर्थिक संकटाचे कारण देऊन एप्रिल २०२० मध्ये महासंघाने अकादमी बंद केली. निवडक क्लबांच्या नव्या स्पर्धांनी तिची जागा घेतली. मूळ प्रश्न मात्र सुटला नाही.

६. लुइस्टनचा दाखला

शाळेचे कार्य दर्जाच्या मोजपट्टीने पूर्णपणे मोजता येत नाही, याचा दाखला मेन राज्यातील लुइस्टन या जुन्या गिरणीगावात सापडतो. २००१ पासून येथे सोमाली निर्वासित मोठ्या संख्येने येऊ लागले. २००२ मध्ये महापौरांनी जाहीर पत्राद्वारे त्यांना आणखी लोकांचा ओघ थांबविण्याचे आवाहन केले व गावातील तणाव देशभर गाजला. याच गावातील हायस्कूलच्या संघाने २०१५ मध्ये प्रशिक्षक माइक मॅक्ग्रॉ यांच्या मार्गदर्शनाखाली स्कारबरो संघाचा १-० असा पराभव करून राज्य विजेतेपद पटकावले. संघातील बहुसंख्य मुले आफ्रिकेतून आलेल्या निर्वासित कुटुंबांतील होती. इतिहासकार एमी बास यांनी २०१८ मधील आपल्या ग्रंथात ही कथा नोंदविली आहे. महागड्या क्लबचे दार ज्यांना सहज उघडले नसते, त्यांना शाळेने मैदान दिले आणि ज्या गावाला ती परकी वाटत होती, त्याच गावाचे नाव त्यांच्या छातीवर आले.

निष्कर्ष

हायस्कूल आणि क्लब यांची उद्दिष्टे मुळातच भिन्न आहेत. क्लब निवड करतो व कौशल्य घडवितो. शाळा सामावून घेते व आपलेपणा देते. एकीच्या मापाने दुसरीला मोजणे अन्यायाचे ठरते. ज्या काळात मुलाला दोन्ही दारे खुली होती, त्या काळाने मिओला, हार्क्स आणि रामोस यांच्यासारखे खेळाडू दिले, ही गोष्ट शालेय खेळाला अडसर मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवी. कौशल्याचे शिक्षण पालकांच्या ऐपतीवर सोपवून शाळेने क्रीडांगणातून माघार घेतली, तर हानी केवळ खेळाची होत नाही. सार्वजनिक शिक्षणाच्या व्यापक हेतूचीही होते, असे या इतिहासावरून म्हणावे लागते.