आधी पडणे, मग पाडणे : लढण्याची विद्या आणि मुलाचे वय

१/ सायंकाळी उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर स्थानकातून वस्तीकडे निघाले की शाळेच्या पटांगणात, सोसायटीच्या सभागृहात, कधी गच्चीवर पांढऱ्या गणवेशातील मुलांच्या रांगा दिसतात. कराटे, तायक्वांदो, ज्युदो. दाराशी एखादा पालक चार वर्षांच्या मुलाचा हात धरून उभा असतो आणि त्याचा प्रश्न ठरलेला असतो : "याला आत्ताच घातले तर चालेल का?" हा प्रश्न फार जुना आहे. त्याला आजवर कोणी काय उत्तर दिले, याचा हा धागा.

२/ पुष्कळदा उत्तर इतिहासाच्या नावाने दिले जाते. "महाराजांनी पाचव्या वर्षी तलवार धरली होती, मग आपल्या मुलाने का नाही?" असे विधान ऐकले की आधी साधन विचारावे. कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे शिवकालातील संस्कृत चरित्रकाव्य. शिवराय सात वर्षांचे झाल्यावर ते लिपी शिकण्यास योग्य झाले, असे जाणून शहाजीराजांनी त्यांना गुरूच्या स्वाधीन केले, असे ते सांगते. सातव्या वर्षी हाती आली ती अक्षरे. अश्वारोहण, धनुर्विद्या, खड्ग, भाला अशा विद्यांची मोठी यादी त्यापुढच्या, दहाव्या अध्यायात येते.

३/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परमानंद हा स्तुतिकाव्य रचणारा कवी. नायकाला पाळण्यातच तलवार देण्याची मुभा त्याला होती. तरीही शिक्षणाचा प्रारंभ सांगताना त्याने 'योग्यता' पाहिली आणि अक्षर आधी, आयुध नंतर हा क्रम राखला. ज्याला गौरवच करायचा होता, त्यालाही हा क्रम कमीपणाचा वाटला नाही.

४/ हा क्रम एकट्या परमानंदाचा नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तील राजपुत्र चौलसंस्कारानंतर लिपी व अंकगणित शिकतो, उपनयनानंतर त्रयी, आन्वीक्षिकी, वार्ता आणि दंडनीती. हत्ती, घोडे, रथ व शस्त्रे यांचा सराव दिवसाच्या पूर्वार्धात आणि इतिहासाचे श्रवण उत्तरार्धात, अशी त्याच्या दिनक्रमाची आखणी आहे. या साऱ्या प्रकरणाचा विषय 'विनय', म्हणजे शिस्त. ज्याच्या हाती उद्या दंड येणार, त्याला आधी स्वतःला आवरता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

५/ वैद्यांचे म्हणणे आणखी कडक होते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त व्यायाम टाळावा अशांच्या यादीत अजीर्ण झालेला, वृद्ध आणि बालक हे एकत्र येतात. सुश्रुताच्या मते सोळा वर्षांखालील तो बाल. व्यायाम करणाऱ्यानेही वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून निम्म्या शक्तीपर्यंतच जावे, असे तो बजावतो. मात्र वैद्यकात 'व्यायाम' म्हणजे शरीराला आयास देणारे कर्म. मुलाचे धावणे-खेळणे वैद्यांनी थांबवले नव्हते. रोखली होती ती दमछाक.

६/ मग सात वर्षांच्या मुलांना युद्धविद्या शिकवल्याचे दाखले खोटे का? मुळीच नाही. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी मलबारात राहिलेला पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा लिहितो की, नायरांची मुले सातव्या वर्षी आखाड्यात जातात. पण तेथे ती शिकतात काय? नाचणे, गिरक्या घेणे, जमिनीवर लोळणे, उंच उड्या मारणे. सकाळ-संध्याकाळ हाच सराव. अंग वेतासारखे लवचीक झाले की मगच ज्याच्या त्याच्या कलानुसार शस्त्र हाती येते. 'सातव्या वर्षी आरंभ' एवढेच उचलले आणि आरंभ कशाचा हे सोडून दिले, तर इतिहास अर्धाच सांगितला जातो.

७/ अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे, शिलाहारांच्या राजवटीतील. ते उभे राहून सुमारे सत्तर वर्षे झाली, तेव्हा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याणी. अंबरनाथशेजारचे कल्याण ते हे नव्हे. कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. या ग्रंथात 'मल्लविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची प्रतवारी वय, देहाचे आकारमान आणि बल या तिन्ही गोष्टी पाहून केली आहे. त्यांचा आहार आणि सरावही सांगितला आहे. केवळ वर्षे मोजून मल्ल ठरत नव्हता.

८/ ग्रंथातली प्रतवारी तालमीत वस्तादाच्या नजरेने होते. नवे पोर तालमीत आले की त्याला लगेच जोडीला उभे करत नाहीत. त्याने आधी हौद्यातील माती खोदायची, ढेकळे फोडायची. या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ केलेली असते, कारण तिच्यावर माणूस आपटणार असतो. जोर-बैठका, लोळण, मान बळकट करणे, थोरांच्या कुस्त्या कडेला बसून पाहणे यांत दिवस जातात. वस्ताद तोवर एवढेच पाहतो : सांगितले की ऐकतो का, पडला की उठतो का, आणि राग आला की हात आवरतो का.

९/ गावच्या जत्रेतील फडातही हीच दृष्टी दिसते. आरंभीच्या कुस्त्या लहानग्यांच्या. इनाम रेवड्यांचे किंवा नारळाचे. पण त्या रेवड्यांच्या कुस्तीलाही जोड लावावी लागते. जाणती मंडळी दोन पोरे शेजारी उभी करतात, उंची पाहतात, दंड चाचपतात आणि विजोड दिसली तर परत पाठवतात. तेथे जन्मतारीख विचारत नाहीत. समोर कोण आहे, त्यावर मुलाची तयारी ठरते.

१०/ 'लवकर आरंभ' म्हणून खाशाबा जाधवांचे नाव हमखास घेतले जाते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांकडून कुस्ती शिकले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीतले जाणकार. म्हणजे पहिला वस्ताद घरचाच, मुलाचे अंग आणि मन दोन्ही ओळखणारा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. हेलसिंकीचे कांस्यपदक १९५२ चे, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. पाच आणि सव्वीस यांच्यामधली एकवीस वर्षे गाळून केवळ 'पाच' हा आकडा सांगणे, ही खाशाबांच्या कष्टांची उपेक्षा आहे.

११/ उल्हासनगरच्या वारशात आणखी एक मल्लविद्या आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ही माणसे ज्या सिंधमधून आली, तेथील जत्रांत आणि उरुसांत 'मलाखडा' ही कुस्ती रंगते. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला पीळ दिलेले कापड बांधायचे आणि त्याच पकडीवर त्याला पाडायचे. पकड कोठे असावी हे एकदा ठरले की झोंबाझोंबीचा खेळ होतो. तो नियम पाळता येणे, हीच खेळात उतरण्याची पहिली पात्रता.

१२/ आता आजच्या वर्गांतील कराटेकडे. ही विद्या ओकिनावा बेटावरची, मुळात मोजक्या शिष्यांना खासगीत शिकवली जाणारी. १९०१ च्या सुमारास आंको इतोसू या गुरूंनी ती शुरी येथील प्राथमिक शाळेत आणली. त्यासाठी त्यांनी ती बदलली. लांब आणि अवघड काता बाजूला ठेवून 'पिनान' नावाच्या सोप्या काता रचल्या, घातक प्रयोगांऐवजी शरीरसाधनेवर भर दिला. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षणखात्यासाठी या विद्येचे दहा मुद्दे लिहिले. मूल विद्येला तयार आहे का, हे सारेच पाहतात. विद्या मुलासाठी तयार आहे का, हे इतोसूंनी पाहिले.

१३/ ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान स्थापन केले. तेथील प्राथमिक धडा 'उकेमी', म्हणजे इजा न होता पडण्याची कला. काळा पट्टाही कानोंचाच. मात्र पांढऱ्या-काळ्यामधील रंगीत पट्ट्यांच्या प्रसाराचे श्रेय प्रायः पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाईशी यांना देतात. हे रंग प्राचीन नाहीत, विसाव्या शतकातले आहेत. शिकणाऱ्याला पायरी दिसावी म्हणून ते आले. पायरीची शर्यत झाली की त्यांचा हेतूच हरवतो.

१४/ आधुनिक वैद्यक कोठे पोहोचले? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा : मुलांनी आरंभ अंगाला अंग न लावता करायच्या प्रकारांनी करावा, शरीराची ठेवण व हालचाल नीट बसल्यावरच झुंजीकडे वळावे, डोक्यावरचे आघात टाळावेत, आणि शिरस्त्राण घातले म्हणून मेंदूला धक्का बसणार नाही, असे मानू नये. बार्बोसाने पाहिलेला आखाडा आणि हा अहवाल यांत पाच शतकांचे अंतर आहे. क्रम मात्र तोच.

१५/ सारांश काय? परमानंदाची 'योग्यता', कौटिल्याचा 'विनय', सुश्रुताचे निम्मे बल, वस्तादाची नजर, इतोसूंच्या सोप्या काता. यांपैकी कोणीही एकट्या वयावर निवाडा सोपवलेला नाही. चौथ्या वर्षी लोळण आणि उडी खुशाल शिकावी. समोरच्याला फटका मारण्याची वेळ मात्र 'थांब' म्हणताच थांबणाऱ्या, हरल्यावर उठणाऱ्या आणि समोरच्याला दुखते हे कळणाऱ्या मुलाचीच येते. एखाद्याला हे सातव्या वर्षी जमते, एखाद्याला दहाव्या.

१६/ त्या दाराशी उभ्या असलेल्या पालकाला म्हणून थोरांच्या नावाचा धाक घालू नये. घाईने झुंजीत ढकललेले मूल दुखावते, मग पटांगणालाच भिते; आणि ज्या पूर्वजांच्या नावाने ही घाई होते, त्यांनी ती स्वतः केल्याचे ही साधने सांगत नाहीत. पालकाने मुलाचे वय सांगण्याआधी वर्गात डोकावून एवढेच पाहावे : येथे पहिल्या महिन्यात मुलांना पडायला शिकवतात, की पाडायला?