मेवासाचे मेहवासी

26 जानेवारी 1950 रोजी देश प्रजासत्ताक झाला. सरकारने कोणालाही किताब देऊ नये, असं सांगणारं राज्यघटनेचं कलम 18 त्याच दिवशी अमलात आलं. त्याच तारखेला अनुसूचित क्षेत्रांबाबतचा राष्ट्रपतींचा आदेशही निघाला. त्यात मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याच्या यादीत नवापूर पेठा आणि अक्राणी महाल यांच्यानंतर सहा प्रमुखांची गावं आहेत: काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूर यांचे ‘पार्वी’, गव्हाळीचा ‘वालवी’ आणि चिखलीचा ‘वसावा’. या सहांना मिळून आदेशात एकच इंग्रजी नाव आहे, ‘मेहवासी चीफ्स’.

हा शब्द साध्या इंग्रजी कोशात शोधू नये. कायद्याची पुस्तकं, जुनी गॅझेटिअरं आणि महसुली दप्तरं यांतच तो आढळतो. पण त्याचा प्रवास सातपुड्याहून लांबचा आहे.

तो वापरात आला तेव्हा इंग्रजी या देशात आलेलीही नव्हती. तेराव्या-चौदाव्या शतकांत दिल्लीच्या सुलतानांचे फारसी इतिहासकार ‘मवास’ असा शब्द वापरतात. बरनीच्या लेखनात तो आहे, त्याच्याआधीच्या मिनहाजकडेही आहे. सारा न भरणारे लोक फौज आली की ज्या झाडीत, दऱ्याखोऱ्यांत किंवा गढीत आसरा घेत, त्या मुलखाला मवास म्हणत. गुजरातेत पुढे ‘मेवास’ म्हणजे महीच्या काठी वास करणारे, अशी सोपी फोड सांगितली गेली. ऐकायला ती गोड आहे, पण पटत नाही. गंगा-यमुनेच्या दुआबातल्या बंडखोर रानांनाही दिल्लीकर हाच शब्द लावत होते, आणि तिथून मही नदी कुठल्या कुठे.

गुजरातच्या मोगली अमलात या शब्दाला सरळ महसुली काम मिळालं. गावांचे दोन वर्ग पडले: रास्ती आणि मेवासी. रास्ती म्हणजे सरळ, निमूट सारा भरणारं गाव. आपल्या रास्त भावाच्या दुकानातला ‘रास्त’ तो हाच. मेवासी गाव मात्र फौज दारात उभी राहिल्याशिवाय पैसा सोडत नसे. पुढे मराठ्यांची मुलूखगिरी सुरू झाली. गायकवाडांच्या फौजा हंगाम साधून मही आणि साबरमतीच्या बाजूला उतरत, ठाकूर-कोळ्यांकडून घासदाणा आणि खंडणी वसूल करत आणि परत जात. मेवासी असणं म्हणजे गुन्हा होता की हक्क, हे फौज कोणाची यावर ठरे.

इंग्रजांनी मात्र या शब्दाचे दातच काढले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ठरावीक खंडणी बांधून दिली आणि ‘मेहवासी’ ही जमीनधारणेची एक पद्धत होऊन बसली. खेडा जिल्ह्याच्या कागदपत्रांत तालुकदारी गावांच्या रांगेत मेहवासी गावं निमूट उभी दिसतात. रेवाकांठा एजन्सीत तर लहान लहान ठाकुरातींच्या समूहांना सांखेडा मेवास आणि पांडू मेवास अशी अधिकृत नावंच मिळाली. ज्या शब्दाचा अर्थ ‘सरकार न मानणारा’ असा होता, तो आता सरकारच्या कोष्टकातला रकाना होता.

खानदेशात हा शब्द नर्मदेच्या अंगाने, डोंगर ओलांडून आलेला दिसतो. 1818 मध्ये खानदेश कंपनीकडे गेला. मैदानात सारावसुली बसली, पण सातपुड्यातले भिल्ल नाईक हाती लागेनात. 1825 मध्ये भिल्ल एजन्सी आणि जेम्स आउट्रमची भिल्ल पलटण उभी राहिली. थोडा धाक, थोडं वेतन आणि बरीच माफी, अशी ती रीत होती. आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डोंगरपट्ट्यात ही सहा घराणी होती. त्यांना ना पुरतं संस्थान मानलं गेलं, ना साधं जमीनदार. 1874 च्या अनुसूचित जिल्हे कायद्याच्या परिशिष्टात सिंध, पंचमहाल आणि एडन यांच्या सोबत या सहांची गावं नोंदली गेली. एडन बंदर आणि काठी एकाच यादीत! दोन्हीकडे नेहमीचे कायदे जसेच्या तसे लावणं सरकारला सोयीचं वाटत नव्हतं, एवढंच त्यांच्यातलं नातं.

त्या परिशिष्टातली स्पेलिंगं पाहण्यासारखी आहेत. ‘पार्वी’ म्हणजे पाडवी. आपला ‘ड’ इंग्रजांच्या कानाला अनेकदा ‘र’ असा ऐकू येई. ‘वालवी’ म्हणजे वळवी. ‘वसावा’ हे वसावे किंवा वसावा, दोन्ही रूपांनी इथे आजही आहे. गंमत अशी, की हैदराबादचा निजाम तसा काठीचा पार्वी अशी त्यांची मांडणी झाली आणि कुळनामं किताब बनली. नंदुरबार जिल्ह्यात आज पाडवी, वळवी, वसावे ही आडनावं शाळेच्या हजेरीपटापासून विधानसभेपर्यंत सगळीकडे आहेत.

1936 च्या अंशतः वर्जित क्षेत्रांच्या आदेशात तीच यादी आली. 1950 मध्येही जवळजवळ त्याच स्पेलिंगने ती पुन्हा उतरवली गेली. नवं राज्य जुन्या यादीवरच उभं राहिलं, यात आळस थोडा असेल, पण शहाणपणही होतं: ही गावं संरक्षणाच्या कक्षेतून निसटली असती, तर आदिवासींच्या जमिनींचं काय झालं असतं, हे मैदानी खानदेशातल्या सावकारीने आधीच दाखवलं होतं.

मग गावं राहिली, ‘चीफ’ गेले. 1961 च्या विनियमाने महाराष्ट्रात मेहवासी इस्टेटींचे मालकी हक्क रद्द झाले. 1985 च्या नव्या आदेशात तालुके आणि गावं यांच्या नावांनी अनुसूचित क्षेत्रं सांगितली गेली. पश्चिम खानदेशचा धुळे झालेलाच होता. 1 जुलै 1998 रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

काठीचं नाव आज बाहेरच्यांना माहीत असतं ते राजवाडी होळीमुळे. तिथे रात्रभर ढोल वाजतात, अंगावर घुंगरू आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले लोक नाचतात आणि पहाटे होळी पेटते. आणि ‘मेवासी’ हा शब्द? तो वन खात्याकडे आहे. तळोद्यात मेवासी वनविभागाचं कार्यालय आहे. त्या नावाचा इंग्रजी ‘ह’ मात्र मराठी पाटीवरून गळाला आहे.