धसका, वेड आणि आघात : रणांगणावरून परतलेल्या सैनिकाचे दुखणे व त्याची नावे (गोंदिया परिसराच्या संदर्भात)

दुखण्यास साहाय्य मिळावयाचे तर त्यास प्रथम नाव मिळावे लागते. आणि ते नाव कोण देतो, यावर साहाय्याचे स्वरूप ठरते. युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या मनोव्यथेचा इतिहास या दृष्टीने तपासला असता असे दिसते की, या दुखण्याचे कारण सांगणारा शब्द मराठी घरांत होता. कायद्याच्या व कचेरीच्या नावांतून मात्र नेमके ते कारणच गळाले.

तो शब्द म्हणजे ‘धसका’. धसका नेहमी कशाचा तरी असतो : तोफेचा, मरणाचा, पुराचा. षष्ठी विभक्तीने कारण त्यास जोडलेले असते. ‘वेड’ या शब्दाचे तसे नाही. त्यास षष्ठी लागली तर अर्थ छंदाचा होतो, जसे गाण्याचे वेड. रोगाच्या अर्थी वेड नुसतेच ‘लागते’. ते माणसाविषयी सांगते, त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगाविषयी नाही. ‘पछाडणे’ या क्रियापदात कारण आहे, पण ते अनुभवाबाहेरचे. म्हणून ते वैद्याऐवजी मांत्रिकाकडे नेते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले व पुढे दीर्घ बंदिवास आला. त्याच सुमारास इंग्लंडात या व्यथेच्या नावावरून वाद चालू होता. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’ ही संज्ञा वापरली. १९१७ मध्ये लष्कराने तिच्या वापरास आळा घालून त्याऐवजी ‘अद्याप निदान न झालेले, मज्जाविषयक’ अशा आशयाची नोंद रूढ केली. १९२२ च्या चौकशी समितीनेही ती संज्ञा टाकून द्यावी असेच सुचविले. कारण दर्शविणारे नाव मान्य केले की जबाबदारीही मान्य करावी लागते, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे.

भारतात अपंग सैनिकांस धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली व पुढे ती खडकीस गेली. हात किंवा पाय गमावलेल्यास अशी जागा लाभली. मन हरवलेल्यास १९१२ चा ‘लुनसी’ कायदाच लागू होता आणि त्यात ‘वेडा’ म्हणजे जडबुद्धी अथवा अस्थिरचित्त मनुष्य, एवढीच व्याख्या होती. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. या मुलखास जवळचे मनोरुग्णालय म्हणजे १८६४ साली स्थापन झालेले नागपूरचे. लोकांच्या तोंडी ‘पागलखाना’. हे नाव ऐकताच घरची माणसे रुग्णास लपवू लागत, यात नवल नाही.

व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांच्या प्रयत्नांनंतर १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या व्यथेस स्वतंत्र स्थान मिळाले. ‘आघातोत्तर तणाव विकार’ हा त्या संज्ञेचा मराठी पर्याय. प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे, त्याची आठवण टाळणे, सदैव दचकत व सावध राहणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, तर हे निदान होते. धसक्यातील षष्ठी ‘आघातोत्तर’ या पदाने शास्त्रात परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

निवृत्तिवेतनाचा प्रश्नही कारणाचाच आहे. विकलांगता सैनिकी सेवेमुळे आली, अथवा सेवेने वाढली, असे ठरावे लागते. धर्मवीर सिंग यांच्या अपस्माराच्या झटक्यांसंबंधीच्या दाव्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल व वैद्यकीय मंडळाने कारणे दिली नसतील, तर अनुमान सैनिकाच्या बाजूने करावे. २०२३ मध्ये नियम बदलले; तथापि सेवेशी कार्यकारणसंबंध हा कळीचा मुद्दा राहिलाच.

साहाय्याची दारे आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरविला. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ सेवेचा सैन्यदलांसाठीचा विशेष कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला.

परंतु दाराशी आलेला मनुष्य काय बोलतो, हे ऐकणाराही हवा. गोंदिया जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी या भाषा शेजारी नांदतात. सैनिक बहुधा ‘झोप येत नाही, छाती धडधडते’ एवढेच सांगतो. घरचे म्हणतात, ‘यानं धसका घेतला.’ त्या वाक्यावर ‘कशाचा?’ असा प्रश्न वैद्याने विचारला, तर निदानाचा आरंभ तेथेच होतो, आणि नोंदवहीत उतरलेले ते उत्तर उद्या त्या सैनिकाच्या हक्काचा पुरावा ठरू शकते.