दीडशे मर्सिडीज आणि एक ट्रॅक्टर

आजचा विषय गाड्यांचा आहे, पण शोरूमच्या ऑफरचा नाही. इतिहासाचा आहे.

तीन नावं घेतो: बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी-क्लास, ऑडी ए४. आकाराने मध्यम, किमतीने भारी, पळायला चपळ. थ्री सिरीज आली १९७५ साली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना काम फक्त वळायचं, म्हणून वळणावर रस्ता हाताला कळतो. सी-क्लास १९९३ ची. तीही मागच्या चाकांवर चालणारी, पण तिचा भर आरामावर. ए४ आली १९९४ ला. साधी घेतली तर पुढची चाकं ओढतात, क्वाट्रो घेतली तर चारही. ओल्या रस्त्यावर पकड घट्ट.

थोडक्यात काय, या गाड्या स्टिअरिंगवर स्वतः बसणाऱ्यासाठी बनल्या. मग आपल्या मराठवाड्यात लोकांनी त्यात काय बघितलं?

ऑक्टोबर २०१०. तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी मिळून १५० मर्सिडीज एकदम घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. गंमत बघा, त्याच शहराजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या ए६ आणि ए४ जोडल्या जात होत्या. तरी ऑर्डर गेली मर्सिडीजला! कारण इथे प्रश्न वळणावरच्या पकडीचा नव्हताच. आपल्या शहराचं नाव नकाशावर यावं, मोठ्या कंपन्यांनी आपल्याकडे बघावं, हा हिशोब होता. आणि तो जमला. देशभर बातमी झाली.

यात चूक काय? मागास, मागास म्हणून हिणवलेल्या भागाला मिरवावंसं वाटलं, तर वाटू द्या की. एकट्याने गेलं तर भाव मिळत नाही, दीडशे जण गेले तर कंपनीही ऐकते आणि बँकही.

पण बँकेचीच गोष्ट पुढे आहे. स्टेट बँकेने या गाड्यांना ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. त्याच वर्षाअखेरीस पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लिहिलं, की याच भागात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला याहून कितीतरी जास्त व्याज पडतंय. गाडी मिरवायची, ट्रॅक्टर पोट भरायचा. आणि महाग कर्ज कोणाला? पोट भरणाऱ्याला.

म्हणून मला वाटतं, त्या १५० गाड्यांमधली सगळ्यात भारी गोष्ट इंजिन नव्हती, एकी होती. तीच एकी करून आपल्या गावातले वीस ट्रॅक्टरवाले बँकेत गेले तर? घरी कोणी कर्ज काढणार असेल, तर त्यांना हा भाग नक्की ऐकवा. आणि सही करायच्या आधी व्याजाचा दर विचारा, शेजारच्यालाही विचारा. भेटू पुढच्या भागात!